पोर्ट ५०२३ : क्लाउड निवडण्यापूर्वीचा एक वाद

जालना जिल्ह्याची औद्योगिक ओळख मुख्यतः दोन व्यवसायांवर उभी आहे : १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ची स्थापना केल्यानंतर बहरत गेलेला बियाणे उद्योग, आणि इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करणारा पोलाद उद्योग. या दोन्ही व्यवसायांत आकडे मोजून ते दूर पाठवणारी उपकरणे आता रुळली आहेत. भट्टीच्या वीजपुरवठ्यावरचे मीटर, बियाण्यांच्या शीतगृहातील तापमान व आर्द्रता मोजणारे सेन्सर आणि सळया घेऊन निघालेल्या ट्रकमधील जीपीएस यंत्रे ही त्यांची ठळक उदाहरणे होत. हे आकडे जिथे गोळा होतात ते ठिकाण बहुधा क्लाउड असते, म्हणजे एखाद्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेली संगणकशक्ती. कोणती क्लाउड सेवा घ्यावी हा प्रश्न सर्वसाधारणपणे दर, साठवण आणि वेग यांचा तक्ता समोर ठेवून सोडवला जातो आणि वेबसाइट चालवायची असेल तर तेवढे पुरतेही. पण माहिती पाठवणारे उपकरण वेबची भाषा बोलत नसेल, तर त्या तक्त्यात सहसा न दिसणारी एक बाब सर्वांत आधी तपासावी लागते, आणि ती म्हणजे पोर्ट.

नेटवर्कवरील संगणकाला आयपी पत्ता असतो आणि तो पत्ता माहितीला त्या संगणकापर्यंत नेतो. तेथे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रोग्रॅमपैकी ती कोणाच्या हाती द्यायची, हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक सोळा बिटांचा असल्याने तो ० ते ६५५३५ यांच्या दरम्यान असतो. ८० आणि ४४३ हे क्रमांक वेबसाठी रूढ आहेत, औद्योगिक उपकरणांच्या मॉडबस टीसीपी या संवादपद्धतीसाठी ५०२ हा क्रमांक नोंदलेला आहे, आणि सेन्सरांसाठी लोकप्रिय असलेली एमक्यूटीटी ही पद्धत साधी असताना १८८३ वर व सांकेतिकीकरण केलेली असताना ८८८३ वर चालते. ज्या अनुप्रयोगाला ८० व ४४३ यांखेरीज अन्य क्रमांकावर बाहेरून येणारी जोडणी स्वीकारावी लागते, त्याच्यासाठी क्लाउडच्या बाजारातील बरीचशी दुकाने बंदच असतात, आणि ही गोष्ट पुष्कळदा पैसे भरून झाल्यावर कळते.

पुढील संवादातील दोघे प्रातिनिधिक आहेत. एक आहेत जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्याच्या उपकरण विभागाचे ज्येष्ठ अभियंते. दुसरा आहे त्यांच्याच हाताखाली प्रशिक्षणार्थी म्हणून उमेदवारी केलेला आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारा प्रोग्रॅमर. कारखान्याचे वीजमीटर आणि मालवाहू ट्रक यांची माहिती एका ठिकाणी आणायची आहे, एवढ्यावर दोघांचे एकमत आहे.

प्रोग्रॅमरची भूमिका अशी की सर्व्हर सांभाळणे हा पोलाद कारखान्याचा व्यवसाय नव्हे, आणि म्हणून तयार व्यासपीठाची सेवा घ्यावी. या प्रकारात ग्राहक फक्त आपला प्रोग्रॅम देतो; ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुधारणा, सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र, वर्दळ वाढली की जादा क्षमता उभी करणे, हे सारे सेवा देणारी कंपनी पाहते. हेरोकू, गूगलचे क्लाउड रन, मायक्रोसॉफ्टचे ॲझ्युर ॲप सर्व्हिस या त्यातल्या परिचित सेवा होत. “सर, रात्री अडीच वाजता सर्व्हर बंद पडला तर उठणार कोण, हा पहिला प्रश्न विचारा,” तो म्हणतो. “दर महिन्याला थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, पण ज्याला कोणी वाली नाही असे यंत्र भाड्याने घेऊन ठेवू नका.”

अभियंत्यांना हे तत्त्वतः मान्य आहे, पण त्यांचे लक्ष उपकरणाकडे आहे. “रात्री उठणारा माणूस शोधता येईल, ट्रकमधल्या यंत्राला वेबची भाषा शिकवणारा कुठून आणणार? ज्या व्यासपीठांची नावे तू घेतोस, ती बाहेरच्या जगाला फक्त ८० आणि ४४३ हेच क्रमांक दाखवतात. प्रोग्रॅम आत ८०८० वर ऐकत असला तरी त्याच्यापर्यंतचा रस्ता ४४३ वरूनच जातो, आणि त्या रस्त्यावर वेबची विनंती सोडून दुसरे काही आले की दारावरचा मध्यस्थच ते परत पाठवतो.”

त्यांचा मुद्दा समजण्यासाठी ट्रकमधील यंत्राचे काम थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे. स्वस्त आणि सर्वत्र आढळणाऱ्या जीपीएस यंत्रांचा एक मोठा गट जीटी०६ नावाची संवादपद्धत वापरतो. असे यंत्र सिमकार्डाद्वारे सर्व्हरशी थेट टीसीपी जोडणी उघडते, प्रथम स्वतःचा आयएमईआय क्रमांक कळवून ओळख देते, सर्व्हरने ती स्वीकारल्याची पोच दिली की काही सेकंदांच्या अंतराने स्थान आणि वेग यांची बाइटमध्ये बांधलेली छोटी पाकिटे पाठवत राहते, आणि मधूनमधून आपण जिवंत असल्याची खूण देते. यात वेबची विनंती नसते, शीर्षके नसतात, सांकेतिकीकरणही नसते. या क्षेत्रात बराच वापरला जाणारा ट्रॅकार हा मुक्त स्रोत सर्व्हर प्रत्येक संवादपद्धतीला स्वतंत्र पोर्ट देतो. जीटी०६ साठी मूळ मांडणीत ५०२३, टेल्टोनिका यंत्रांसाठी ५०२७, आणि अशाच रीतीने इतर अनेक. वेगवेगळ्या मालकांचे आणि वेगवेगळ्या बनावटीची यंत्रे बसवलेले ट्रक एकाच कारखान्याचा माल नेत असतील, तर त्या कारखान्याच्या सर्व्हरला एकाच वेळी चार-सहा पोर्ट उघडे ठेवावे लागतात, आणि यंत्रांचे अंतःस्थ सॉफ्टवेअर बदलणे कारखान्याच्या हातात नसते.

या ठिकाणी प्रोग्रॅमर सुरक्षेचा मुद्दा पुढे करतो आणि त्याच्या म्हणण्यात वजन आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने २३ व २३२३ या पोर्टांवर ऐकणारी, कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिलेली कॅमेऱ्यासारखी उपकरणे शोधून ताब्यात घेतली आणि त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर रोजी ‘डाइन’ (Dyn) या, संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. २०१७ च्या जानेवारीत २७०१७ या पोर्टवर पासवर्डाविना उघडे पडलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. “इंटरनेटवर उघडलेला प्रत्येक पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात, सर. नवा सर्व्हर सुरू झाल्यावर पहिली थाप पडायला फार वेळ लागत नाही.”

“त्या दोन्ही घटनांत दोष पोर्टाचा होता की त्याच्या मागे पासवर्डाविना बसलेल्या प्रोग्रॅमचा?” अभियंते विचारतात.

“प्रोग्रॅमचा, पण पोर्टामागे काय बसले आहे हे कोणी तरी तपासत राहायला हवे. एक साधी गोष्ट घ्या. भाड्याच्या यंत्रावर लिनक्स टाकले, यूएफडब्ल्यू नावाच्या फायरवॉलने, म्हणजे संरक्षक भिंतीने, नको ते पोर्ट बंद केले आणि मग डॉकरमध्ये डेटाबेस चालवला. डॉकर स्वतःच आयपीटेबल्सचे नियम लिहीत असल्यामुळे त्याने बाहेर मांडलेला पोर्ट त्या भिंतीला वळसा घालून सरळ जगासमोर येतो. भिंत उभी आहे असे मालक समजतो आणि दार मात्र सताड उघडे असते.”

हा इशारा किरकोळ मानू नये. लहान उद्योगांच्या सर्व्हरवर असा घोटाळा सहज घडू शकतो, आणि तो टाळण्याचा सोपा उपाय असा की यंत्रावरील भिंतीखेरीज क्लाउड कंपनीच्या पातळीवरचा नियमसंच, ज्याला ॲमेझॉनच्या सेवेत सिक्युरिटी ग्रुप म्हणतात, तोही वापरावा, कारण आत येणारी जोडणी स्पष्ट परवानगीशिवाय तो स्वीकारत नाही आणि डॉकरची त्याच्यावर सत्ता चालत नाही.

येथवर वाद दोन टोकांना आहे : एकीकडे सर्व काही ४४३ मधून, दुसरीकडे हवे ते पोर्ट उघडणारे आभासी यंत्र. दोन्ही पक्ष ‘पोर्ट लागतो’ हे गृहीत धरून बोलत आहेत, आणि खरी चूक तिथेच आहे. आधी विचारायला हवे ते हे की जोडणी कोण सुरू करतो. ट्रकमधील यंत्र स्वतः सर्व्हरला हाक मारते, म्हणून सर्व्हरवर ऐकणारा पोर्ट अपरिहार्य ठरतो. भट्टीच्या मीटरची गोष्ट नेमकी उलटी आहे. मॉडबसमध्ये उपकरण आपण होऊन काही पाठवत नाही. विचारणाऱ्याने अमुक रजिस्टरमधील आकडा मागितला की ते उत्तर देते. क्लाउडमधील सर्व्हरला मीटर वाचायचे तर त्याला कारखान्याच्या आत शिरावे लागेल आणि त्यासाठी कारखान्याच्या बाजूचा ५०२ पोर्ट इंटरनेटवर उघडावा लागेल.

याबाबत अभियंते प्रोग्रॅमरपेक्षाही कडक आहेत. “मॉडबस १९७९ सालची पद्धत आहे, ती कारखान्यातल्या एका तारेवरच्या उपकरणांसाठी तयार झाली. तिच्यात पासवर्ड नाही, ओळखपत्र नाही. ज्याला ५०२ पर्यंत पोचता येते, त्याला आकडा वाचताही येतो आणि लिहिताही येतो. त्याच जाळ्यावर भट्टीचे नियंत्रण करणारा पीएलसी बसला असेल, तर हा पोर्ट बाहेर उघडणे म्हणजे भट्टीची कळ अनोळखी माणसाच्या हाती देणे. आणि समजा उघडायचे ठरवले, तरी मोबाइल जोडणीवर ते बहुधा जमणारच नाही.” त्यांचे शेवटचे वाक्य मोबाइल कंपन्यांच्या एका व्यवस्थेला उद्देशून आहे. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्यामुळे या कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. या व्यवस्थेला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात, आणि तिच्या आडून बाहेर जाणारी जोडणी निघते, पण बाहेरून आत येणारी पोचत नाही.

यावरचा मार्ग प्रोग्रॅमरच्या बाजूचा आहे. कारखान्याच्या आत एक छोटा गेटवे, म्हणजे दोन संवादपद्धतींमधला दुभाषा संगणक बसवायचा. त्याने मीटर मॉडबसने स्थानिक पातळीवर वाचायचे आणि ते आकडे ८८८३ वर एमक्यूटीटीने किंवा ४४३ वर साध्या वेब विनंतीने बाहेर पाठवायचे. एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी उपग्रहाद्वारे जोडलेल्या तेलवाहिन्यांच्या देखरेखीसाठी तयार केली होती, आणि तुटक, महाग जोडणीवर थोडक्यात निभावणे हा तिचा स्वभाव जालन्याच्या परिस्थितीलाही मानवतो. विजेचे आकडे मध्येच गहाळ न होणे येथे महत्त्वाचे आहे, कारण एक टन पोलाद वितळवण्यास साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते, आणि खुल्या प्रवेशातून (ओपन ॲक्सेस) वीज घेणाऱ्या उद्योगाला दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ कालखंडांचा हिशेब ठेवावा लागतो. जोडणी तुटली असताना आकडे साठवून नंतर पाठवण्याची सोय गेटवेत असेल, तर त्या हिशेबाला भोक पडत नाही. अशा रीतीने मीटरांच्या बाबतीत क्लाउडवर वेगळ्या पोर्टाची गरजच उरत नाही आणि तयार व्यासपीठ खुशाल घेता येते.

“म्हणजे अर्धा वाद तू जिंकलास,” अभियंते म्हणतात, “आणि ट्रकांचा अर्धा उरला.”

ट्रकांसाठी टीसीपी स्वीकारणारी जागा हवी, आणि तेथेही पर्याय एकच नाही. मुंबईत २०१६ पासून ॲमेझॉनचे आणि २०१७ पासून गूगलचे केंद्र आहे, मायक्रोसॉफ्टचे पुण्यात त्याही आधीपासून आहे. यांपैकी कोठेही छोटे आभासी यंत्र घेतले की हवा तो पोर्ट उघडता येतो. ‘रेलवे’ (Railway) नावाच्या सेवेसारखी काही व्यासपीठे कच्ची टीसीपी जोडणी देतात, पण बाहेरचा क्रमांक स्वतः ठरवून देतात. यंत्रात क्रमांक बदलण्याची सोय असेल तरच ती उपयोगी. भारवाटपाची, म्हणजे येणाऱ्या जोडण्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारी, सेवा घ्यायची असेल तर तिचा प्रकार नीट पाहावा लागतो : ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर फक्त वेबची वाहतूक घेतो, टीसीपी व यूडीपीसाठी नेटवर्क लोड बॅलन्सर घ्यावा लागतो.

येथे एक बारीक पण त्रासदायक अडचण येते. असे मध्यस्थ निष्क्रिय जोडणी किती वेळ धरून ठेवायची याची मर्यादा घालतात. ॲमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरची मूळ मर्यादा ३५० सेकंद आहे, ॲझ्युरच्या लोड बॅलन्सरची ४ मिनिटे. ढाब्यावर उभा असलेला ट्रक दर ५ मिनिटांनी जिवंतपणाची खूण पाठवत असेल, तर पहिल्या सेवेत त्याची जोडणी टिकते आणि दुसरीत तुटते, आणि काही यंत्रांना ती तुटल्याचे उशिरा कळत असल्याने नकाशावरचा ट्रक तेवढा काळ गोठून राहतो. दोष यंत्राचा आहे असे समजून ते उघडून पाहिले जाते, प्रत्यक्षात दोष दोन आकड्यांच्या न जुळण्यात असतो.

खर्चाचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो. ३० सेकंदांनी एक पाकीट आणि पोचेसह शंभरेक बाइट धरले, तर एक ट्रक दिवसाला तीनशे किलोबाइटच्या आत राहतो आणि शंभर ट्रक मिळून महिन्याला एक गिगाबाइटही होत नाही. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट घेते, म्हणजे महिन्याला सुमारे तीनशे रुपये. महाग आहे तो माणसाचा वेळ. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जतन करणे हे कंपन्यांवरही बंधनकारक आहे. आभासी यंत्र घेणाऱ्याने हे काम कोणाकडे आहे ते आधीच ठरवावे. या मुद्द्यावर प्रोग्रॅमरची मूळ भूमिका शेवटपर्यंत खरी ठरते, आणि म्हणूनच दोघे अशा मांडणीपाशी येतात की आभासी यंत्रावर पाकिटे स्वीकारणारा प्रोग्रॅम तेवढा असावा, त्याने परिचित आयएमईआयच्या यादीत नसलेली जोडणी तोडावी, आणि डेटाबेस, नकाशा, अहवाल हे सर्व मागे तयार व्यासपीठावर राहावे. जीटी०६ मध्ये आयएमईआय हीच काय ती ओळख असल्यामुळे खोटे स्थान पाठवणे अशक्य होत नाही. खासगी एपीएन, म्हणजे मोबाइल कंपनीकडून घेतलेला राखीव मार्ग, हा त्यावरचा अधिक भक्कम उपाय, पण तो लहान वाहतूकदाराला पेलेलच असे नाही.

यानंतर प्रोग्रॅमर असा प्रश्न विचारतो ज्यावर साऱ्या निवडीचे भवितव्य अवलंबून आहे. “सर, यंत्रांत सर्व्हरचा पत्ता काय भरला आहे? आयपी की नाव?”

“काहींत आयपीच. बसवणाऱ्याने एसएमएसने आज्ञा पाठवून आयपी आणि ५०२३ भरले आणि तो मोकळा झाला.”

“मग क्लाउड आपण निवडलेलेच नाही, त्या एसएमएसने निवडले आहे.”

हे म्हणणे अतिशयोक्त नाही. क्लाउडमधील स्थिर आयपी पत्ता हा कंपनीच्या मालकीचा असतो. ग्राहक निघून गेला की तो मागेच राहतो, आणि स्वतःच्या मालकीचे पत्ते सोबत आणायचे तर ॲमेझॉनसारख्या सेवेत किमान २५६ पत्त्यांचा सलग गट लागतो, जो जालन्यातल्या वाहतूकदाराकडे असण्याची शक्यता नाही. यंत्रात डोमेन नाव भरलेले असेल तर सर्व्हर बदलताना डीएनएसमधील, म्हणजे नाव आणि पत्ता जोडणाऱ्या व्यवस्थेतील, एक नोंद बदलली की पुरते. आयपी भरला असेल तर प्रत्येक ट्रक गाठून, किंवा त्याच्या सिमवर एसएमएस पोचेल अशी आशा धरून, पत्ता बदलावा लागतो. त्यातही दूरसंचार विभागाच्या २०१८ च्या सूचनांमुळे उपकरणांसाठीच्या एमटूएम सिमवरचा संवाद आधी ठरवून दिलेल्या मोजक्या क्रमांकांपुरता आणि पत्त्यांपुरता मर्यादित असतो, म्हणजे नवा पत्ता सिम देणाऱ्या कंपनीकडेही नोंदवावा लागतो. पत्ता अशा रीतीने यंत्र, सिम आणि डीएनएस या तीन ठिकाणी वस्तीला असतो, आणि क्लाउडच्या दरपत्रकात यांतले एकही ठिकाण दिसत नाही.

तयार सेवांवर पूर्ण भिस्त ठेवणाऱ्यालाही हाच धडा मिळालेला आहे. गूगलने आपली आयओटी कोअर ही उपकरणे जोडणारी सेवा १६ ऑगस्ट २०२३ रोजी बंद केली, तेव्हा वर्षभराची सूचना दिलेली होती. ज्यांच्या उपकरणांत त्या सेवेचा पत्ता कायमचा बसवलेला होता त्यांना ते वर्ष कमी पडले असेल, ज्यांनी मध्ये स्वतःचे नाव ठेवले होते त्यांचे काम बरेच हलके झाले असेल.

अभियंते विचारतात, “आता ज्या यंत्रांत आयपी आहे, त्यांचे काय करायचे?”

“जुना सर्व्हर लगेच सोडायचा नाही. नव्या ठिकाणी प्रोग्रॅम सुरू करायचा आणि जुन्यावर फक्त ५०२३ वर येणारे जसेच्या तसे नव्याकडे पुढे ढकलणारा एक छोटा मध्यस्थ ठेवायचा. ट्रक सर्व्हिसिंगला आला की यंत्रात नाव भरायचे, सिमची नोंद बदलायची आणि यादीवर खूण करायची. जुन्या पत्त्यावर एकही आयएमईआय येईनासा झाला, आणि एखाद्या मोसमात न निघणारे ट्रकही एकदा फिरून गेले, की मगच त्याचे भाडे बंद करायचे.”

“आणि नवे यंत्र घेताना?”

“खरेदीच्या अटींत लिहायचे की त्यात डोमेन नाव भरता आले पाहिजे, पोर्ट बदलता आला पाहिजे आणि टीएलएस, म्हणजे सांकेतिक जोडणी, जमत असल्यास उत्तम. क्लाउडचे दर त्यानंतर मागवू.”